हायवे साइटवर पहिली नोकरी : एक्झिक्युशन, क्यूसी की बिलिंग?

गाव_ते_गाव

नमस्कार मंडळी. बी. ई. सिव्हिल झालंय. मराठवाड्यातल्या एका चौपदरी रस्त्याच्या कामावर ठेकेदार कंपनीकडून ट्रेनी इंजिनिअरची ऑफर आहे. एचआरने तीन पर्याय दिलेत : हायवे एक्झिक्युशन (प्रत्यक्ष बांधकाम), क्वालिटी लॅब (क्यूसी) किंवा प्लॅनिंग-बिलिंग. कोणी म्हणतं साइटवर ऊन खाल्ल्याशिवाय काही येत नाही, तर कोणी म्हणतं बिलिंगवाला लवकर वर जातो.

पाच-सात वर्षांनी हायवे इंजिनिअर म्हणून कुठेही उभं राहता यावं, एवढंच डोक्यात आहे. सुरुवात कुठून करावी? आणि पहिल्या वर्षात नेमकं काय हाताखालून जायला हवं? 'बेसिक पक्कं कर' हे सगळेच सांगतात, म्हणून कृपया नेमकं सांगा. कन्सल्टंटकडे किंवा सरकारीत जायचं झालं तर काय बघावं, हेही कोणी लिहिलं तर उपकार.

---

मुरूम_थर_३

विभाग नंतर ठरव. आधी एचआरला विचार की काम किती टक्के झालंय. ९० टक्के झालेल्या कामावर गेलास तर वर्षभर क्रॅश बॅरियर, थर्मोप्लास्टिकचे पट्टे आणि पंच लिस्ट (उरलेल्या किरकोळ कामांची यादी) बघत बसशील. अजून जमिनीचा ताबाच मिळालेला नसेल तर खांब, पाइपलाइन, विहिरी आणि मोजणीवाल्यांच्या मागे फिरण्यात वर्ष जाईल. १५-२० टक्के झालेलं काम मिळालं तर पुढच्या दीड वर्षात भरावापासून बीसीपर्यंत (सगळ्यात वरचा डांबरी थर) सगळे थर एकाच साइटवर बघायला मिळतात. ही गोष्ट विभागापेक्षा महत्त्वाची.

त्यानंतर माझं मत एक्झिक्युशन. पण एक्झिक्युशन म्हणजे टिप्पर मोजणं आणि मुकादमाला फोन लावणं नव्हे. प्रत्येक थराला चार प्रश्न असतात : माल कुठला, जाडी किती, ओलावा किती, लेव्हल किती. यातल्या एकाचंही उत्तर दुसऱ्याला विचारून देत असशील तर तू अजून सुपरवायझर आहेस.

भरावाचं उदाहरण घे. मराठवाड्यात आहेस म्हणजे काळी माती पाचवीला पुजलेली. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनप्रमाणे (पाचवी आवृत्ती, २०१३, कलम ३०५) लिक्विड लिमिट ७०च्या वर, प्लॅस्टिसिटी इंडेक्स ४५च्या वर किंवा फ्री स्वेल इंडेक्स ५० टक्क्यांच्या वर असलेली (म्हणजे फार चिकण किंवा पाण्याने फुगणारी) माती भरावाला चालत नाही. म्हणजे बॉरो एरिया (जिथून भरावाची माती खणतात ती जागा) आधी लॅबमधून पास होतो, मगच पोकलेन तिथे जातो. प्रत्यक्षात काय होतं? पास झालेल्या खड्ड्यातला मुरूम दोन मीटरवर संपतो, खाली पिवळसर चिकण लागते आणि ऑपरेटर तीच भरत राहतो. टिप्पर रिकामा होताना रंग बदललेला दिसला की तिथेच थांबवायचं. रात्रपाळीत हे हमखास निसटतं.

दाबून झालेला थर २०० मिमीच्या आत हवा. ओलावा ओएमसीच्या (ज्या ओलाव्याला माती सर्वात घट्ट दबते तो) १ टक्का वर ते २ टक्के खाली. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये टँकरने मारलेलं पाणी रोलर येईपर्यंत उडून जातं. वरून कितीही पाणी मारलं तरी आत कोरडं राहतं, रोलरच्या दहा फेऱ्यांनीही दबाई मिळत नाही आणि वर नुसता पापुद्रा सुटतो. म्हणून शक्य असेल तर पाणी बॉरो एरियातच मारून माल भिजवून आणायचा, ग्रेडरने दोनदा उलटापालटा करायचा, मग रोलर.

भरावाला ९५ टक्के आणि वरच्या ५०० मिमी सबग्रेडला ९७ टक्के दबाई लागते, तीही हेवी कॉम्पॅक्शनच्या एमडीडीशी (लॅबमध्ये ठोकून मिळालेल्या कमाल कोरड्या घनतेशी) तुलना करून. हे आकडे पाठच हवेत, फाइल उघडायला लागता कामा नये.

---

चाळणी_७५_मायक्रॉन

वरच्या प्रतिसादाशी निम्मा सहमत. साइटवरच जा, पण पहिले सहा महिने लॅबमधून जा. कारण सरळ आहे. एक्झिक्युशनवाल्याला थर 'पास' झाला की नाही हे क्यूसीवाला सांगतो आणि तो कसा ठरवतो हे माहीत नसेल तर दोघंही एकाच चुकीत सामील होतात.

एकच चूक आकड्यांत दाखवतो. सँड रिप्लेसमेंट (थरात खड्डा खणून त्यात वाळू भरून घनता काढायची चाचणी) केली, ओली घनता आली २.१० ग्रॅम प्रति घनसेंमी. रॅपिड मॉइश्चर मीटरने (तो कार्बाइडचा डबा) १० टक्के दाखवलं. नवखा मुलगा लगेच २.१० ÷ १.१० करून कोरडी घनता १.९०९ काढतो. एमडीडी १.९५ असेल तर ९७.९ टक्के, सबग्रेड पास, सगळे खूश. पण त्या मीटरचं रीडिंग ओल्या वजनावर असतं. कोरड्या वजनावरचा ओलावा १० ÷ ९० म्हणजे ११.१ टक्के. मग कोरडी घनता १.८९०, दबाई ९६.९ टक्के. सबग्रेड नापास. चुकली फक्त एक ओळ आणि वर चढतो अख्खा रस्ता.

आणखी दोन गोष्टी. वाळू ओतत असताना शेजारून व्हायब्रेटरी रोलर चालू ठेवायचा नाही. कंपनाने खड्ड्यातली वाळू दबते, जास्त वाळू मावते, खड्डा मोठा असल्यासारखा दिसतो आणि चांगला थर कमी घनतेचा निघतो. वाळू दमट असेल तर तिचं कॅलिब्रेशनच निरर्थक.

दुसरी, दबाई १०३-१०४ टक्के आली तर टाळ्या वाजवू नका. बहुतेक वेळा एमडीडी दुसऱ्या मुरमाची असते, नाहीतर लॅबमध्ये मोठे दगड चाळून काढलेले असतात आणि साइटवरच्या खड्ड्यात ते असतात. नवा बॉरो एरिया, नवी प्रॉक्टर (एमडीडी काढायची चाचणी). यात आळस चालत नाही.

लॅबमध्ये सहा महिन्यांत स्वतःच्या हाताने करायच्या चाचण्या : प्रॉक्टर, सीबीआर (चार दिवस भिजवून), लिक्विड-प्लॅस्टिक लिमिट, फ्री स्वेल, चाळण, इम्पॅक्ट, फ्लेकीनेस-इलाँगेशन, मार्शल, डांबराचं एक्स्ट्रॅक्शन, क्यूब. खडीच्या आकाराची चाचणी विशेष मन लावून शिका. डब्ल्यूएमएम (पाणी मिसळून दाबलेल्या खडीचा थर) आणि डीबीएमला (त्यावरचा डांबरी थर) फ्लेकीनेस-इलाँगेशन मिळून ३५ टक्क्यांची मर्यादा आहे आणि क्रशरचे जबडे झिजले की पहिला फटका तिथेच बसतो. खडी चपटी येऊ लागली की दबाई अवघड होते आणि रोलरखाली ती मोडतेही. क्रशरवाला म्हणेल 'दगडच तसा आहे'. दगड तोच असतो, लायनर संपलेले असतात.

---

गाव_ते_गाव

मुरूम_थर_३ दादा, चाळणी सर, मनापासून आभार. रॅपिड मीटरचं आम्हाला कॉलेजात कोणी सांगितलंच नव्हतं.

अजून एक. लेव्हलबद्दल सगळे बोलतात. ऑटो लेव्हल लावता येते, एचआय (यंत्राच्या दृष्टिरेषेची उंची) पद्धत येते. पण थराची लेव्हल साइटवर नेमकी कशी काढतात आणि ती चुकली तर काय होतं, हे कोणी आकड्यांसकट सांगेल का?

---

स्ट्रिंगलाइन

घ्या आकडे.

समजा एका चेनेजला (रस्त्याच्या ठरावीक अंतरावर) मीडियनच्या, म्हणजे दुभाजकाच्या, कडेला तयार रस्त्याची पातळी, म्हणजे एफआरएल, ५१२.४६० आहे. वर बीसी ४० मिमी, खाली डीबीएम ७० मिमी. म्हणजे डब्ल्यूएमएमचा माथा ५१२.३५० वर यायला हवा. रुंदी ९ मीटर, बाहेरच्या बाजूला उतार २.५ टक्के, म्हणजे २२५ मिमी. बाहेरच्या कडेला डब्ल्यूएमएमचा माथा ५१२.१२५.

टीबीएम (माहीत पातळीची तात्पुरती खूण) ५११.८७०, त्यावर बॅकसाइट (स्टाफचं पहिलं वाचन) १.३२५. एचआय ५१३.१९५. मग आतल्या कडेला स्टाफवर ०.८४५ दिसायला हवं, बाहेरच्या कडेला १.०७०. हे दोन आकडे लेव्हल लावायच्या आधी वहीत लिहिलेले हवेत. आधी वाचून मग हिशेब करणारा इंजिनिअर ग्रेडर ऑपरेटरला ताटकळत ठेवतो आणि शेवटी ऑपरेटर आपल्या अंदाजाने पातं लावतो.

पेव्हरने (थर पसरणाऱ्या यंत्राने) डब्ल्यूएमएम टाकत असाल तर सैल जाडी दाबलेल्या जाडीच्या साधारण सव्वापट धरून सुरू करा, पण तो आकडा कायमचा मानू नका. पहिल्या ५० मीटरवर टाकल्यानंतर आणि दाबल्यानंतर त्याच बिंदूंवर लेव्हल घ्या आणि स्वतःचा फॅक्टर काढा. खडीचं ग्रेडिंग किंवा ओलावा बदलला की तो बदलतो. स्ट्रिंगलाइनच्या (पातळी दाखवणाऱ्या ताणलेल्या तारेच्या) पिना सरळात १० मीटरला, वळणावर ५ मीटरला. तार सैल पडली की पिनांच्या मध्ये झोळ येतो आणि तो झोळ जसाच्या तसा बीसीपर्यंत वर येतो. गाडीत बसल्यावर पोटात जे डुचमळतं ते हेच.

आता चुकल्यावर काय होतं ते. यंत्राने टाकलेल्या ग्रॅन्युलर बेसला ±१० मिमी सूट आहे, बिटुमिनस थरांना ±६ मिमी. समजा सबग्रेड आणि जीएसबीवाल्यांनी (जीएसबी म्हणजे सबग्रेड आणि डब्ल्यूएमएम यांच्या मधला थर) खाली ठेवलं, डब्ल्यूएमएमही सरासरी १० मिमी खालीच राहिला. सूटीत बसतो, आरएफआय (तपासणीची मागणी) पास. पण एफआरएल हलत नाही, त्यामुळे ते १० मिमी डीबीएमने भरावे लागतात. १००० × ९ × ०.०१ = ९० घनमीटर. २.४ घनता धरली तर २१६ टन डीबीएम, प्रति किलोमीटर, एकाच बाजूचं. त्यात ४.५ टक्के डांबर म्हणजे पावणेदहा टन. ईपीसी करारात (डिझाइनपासून बांधकामापर्यंत सगळं ठरलेल्या रकमेत) जादा जाडीचे पैसे कोणी देत नाही. खडीने भरायची जागा डांबराने भरली, एवढाच त्याचा अर्थ.

उलट १० मिमी वर राहिला तर डीबीएम पातळ पडतो, कोअर काढल्यावर ६० मिमी निघतो आणि मग ग्रेडरने घासून पुन्हा दाबायची वेळ येते. पुन्हा दाबलेल्या डब्ल्यूएमएमचा वरचा भाग विस्कटतो, भुकटी वर येते. त्यामुळे 'वरच ठेवू, नंतर बघू' हाही मार्ग नाही.

एक सवय लावून घ्या : रोज सकाळी कामाच्या दोन्ही टोकांच्या टीबीएमवर लेव्हल मिळवून बघायची. टीबीएम साधारण २५० मीटरला हवेत आणि ते कुणाच्या तरी टिप्परखाली सापडतातच.

---

एमबी_आणि_आरए

बिलिंगवाल्याची बाजू कोणी मांडलेली दिसत नाही, तर मांडतो.

वरच्या २१६ टनांचा हिशेब कोणाच्या टेबलावर येतो? आमच्या. महिनाअखेरीला प्लँटच्या वजनकाट्यावरचा माल आणि साइटवर मोजलेला माल यांचा ताळा लावतात. फरक ४-५ टक्क्यांच्या पुढे गेला की कुठेतरी लेव्हल, जाडी किंवा चलन यात गडबड आहे. हा ताळा ज्याला वाचता येतो तो पुढे प्लॅनिंग मॅनेजर होतो. पण साइटवर थर टाकलेला नसेल तर हे आकडे नुसती एक्सेल शीट वाटतात. म्हणून सुरुवातच बिलिंगने करू नका, दोन वर्षांनी या. मात्र आलाच नाहीत तर प्रोजेक्ट मॅनेजर होणं कठीण.

करार वाचायला पहिल्या महिन्यापासून शिका. ईपीसीत शेड्यूल बी म्हणजे काय बांधायचं, शेड्यूल डी म्हणजे कोणत्या मानकांनी, आणि शेड्यूल एच म्हणजे कोणत्या टप्प्याला किती पैसे. शेड्यूल एच वाचलं की कळतं, प्रोजेक्ट मॅनेजर महिनाअखेरीला अमुकच चेनेजचा डीबीएम पूर्ण करा म्हणून का ओरडत असतो. हायब्रिड ॲन्युइटीत बांधकाम चालू असताना ४० टक्के रक्कम प्राधिकरण देतं, उरलेले ६० टक्के विकासकाने उभे करायचे आणि ते त्याला पुढे सहामाही हप्त्यांनी मिळत राहतात. म्हणजे तिथे बँकेचा इंजिनिअरही साइटवर येतो आणि त्यालाही उत्तरं द्यावी लागतात.

राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बी-१, बी-२ निविदांत गणित वेगळं. तिथे मोजमाप पुस्तक (एमबी) हाच पुरावा. एमबीत न चढलेलं काम झालेलंच नाही. लांबी, रुंदी, जाडी आणि वजावट. बॉक्स कल्व्हर्टची (चौकोनी मोरीची) जागा भरावातून वजा केली नाही तर ऑडिटवाला दहा वर्षांनीही शोधून काढतो.

आणि एक फुकटचा सल्ला : ऑफर लेटरबरोबर मूळ मार्कशीट जमा करायला सांगत असतील तर देऊ नका.

---

हॉटमिक्स_रात्रपाळी

डांबराच्या कामाचं कोणी लिहिलं नाही आणि हायवे इंजिनिअरची खरी परीक्षा तिथेच असते. माती चुकली तर उकरता येते. थंड झालेलं डांबर कुठे नेता?

बीसीचा हिशेब बघा. ९ मीटर रुंदी, ४० मिमी जाडी : एका मीटरला ०.८६४ टन. प्लँट कागदावर १६० टन-प्रतितास असला तरी हाती १२० धरा. १२० ÷ ०.८६४ म्हणजे तासाला १३९ मीटर, पेव्हरचा वेग मिनिटाला २.३ मीटर. पेव्हर ऑपरेटर ५ मीटरने पळवणार आणि मग पुढच्या गाडीसाठी वीस मिनिटं थांबणार. पेव्हर थांबला की स्क्रीडखालचा (पेव्हरच्या मागच्या पाटाखालचा) माल थंड होतो, तिथे उंचवटा येतो आणि रोलरही तिथेच उभा राहून खाच पाडतो. पेव्हर हळू चालवा, पण थांबवू नका. २० टनांची गाडी साधारण २३ मीटर जाते. प्लँटपासून जाऊन-येऊन, भरून-रिकामी होईपर्यंत अडीच तास लागत असतील तर १५ गाड्या हव्यात. बारा आहेत म्हणून बारांवर काम सुरू केलं की दिवसभर सांधे मोजत बसा.

(अमरावती-अकोला मार्गावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर बीसी टाकून गिनीज विक्रम झाला होता. मिनिटाला जवळपास १२ मीटर होतात. एका प्लँट-पेव्हरच्या जोडीचा हा वेग नव्हे. अनेक जोड्या समांतर चालवाव्या लागतात. त्यामुळे तो आकडा दाखवून तुमच्या साइटवर कोणी वेग मागितला तर आधी प्लँट मोजायला सांगा.)

तापमान तोंडपाठ हवं. व्हीजी-३० (डांबराची एक प्रत) असेल तर मिश्रण १५० ते १६५ अंश सेल्सिअस, टाकताना किमान १४०, रोलिंग ९० च्या वर असताना पूर्ण. व्हीजी-४० ला १६० ते १७०, १५० आणि १००. थर्मामीटर मालाच्या आत खुपसायचा. इन्फ्रारेड गन फक्त वरची साय मोजते. मिश्रण जळून निळसर धूर येत असेल तर ती गाडी परत, कितीही रडारड झाली तरी.

डब्ल्यूएमएमवर प्राइम कोट (खडीच्या थरावरचा पहिला पातळ डांबरी फवारा) मारायच्या आधी भुकटी एअर कॉम्प्रेसरने उडवा. एसएस-१ इमल्शन चौरस मीटरला ०.७ ते १.० किलो, आणि किमान २४ तास सुकू द्या. ओल्या प्राइमवर डीबीएमची गाडी चढली की टायरबरोबर पापुद्रा निघून येतो. टॅक कोट (वरचा डांबरी थर चिकटवणारा फवारा) थोडाच हवा, डांबरी पृष्ठावर ०.२० ते ०.३० किलो. मोजायचा कसा? वजन केलेला पत्र्याचा ट्रे रस्त्यावर ठेवायचा, बोझर (फवारणीचा टँकर) वरून जाऊ द्यायचा, पुन्हा वजन करायचं. नोझल तुंबले असतील तर ट्रे आडव्या रांगेत ठेवल्यावर लगेच कळतं. टॅक जास्त झाला तर वरचा थर घसरतो, विशेषतः घाटात आणि टोल नाक्याआधी, जिथे गाड्या ब्रेक मारतात.

लांबीचा सांधा खालच्या थराच्या सांध्यावर येऊ देऊ नका, किमान १५० मिमी सरकवा. रोलर खालच्या कडेकडून वरच्या कडेकडे चालतो. आणि पेव्हरच्या हॉपरचे पंख प्रत्येक गाडीनंतर मिटू नका. कोपऱ्यात साचलेला थंड, जाडाभरडा माल त्यामुळे एकदम मध्ये येतो आणि दर २३ मीटरला खडबडीत ठिगळ दिसतं. पहिल्या पावसाळ्यात खड्डे तिथेच पडतात.

---

मुरूम_थर_३

हॉटमिक्सने पावसाळा काढला म्हणून जोडतो. आपल्याकडे खड्ड्याचं खापर नेहमी डांबरावर फुटतं. निम्म्या वेळा गुन्हेगार खालचा जीएसबी असतो. त्याचं काम ओझं पेलण्याइतकंच पाणी बाहेर काढण्याचं आहे. म्हणून तो पूर्ण रुंदीत, थेट भरावाच्या उतारापर्यंत न्यायचा असतो. साइटवर काय करतात? जीएसबी पेव्हमेंटच्या कडेला थांबवतात आणि बाजूने मातीचा शोल्डर भरून घेतात. झाला हौद तयार. वरच्या भेगेतून शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही, ट्रक गेला की दाबाने वर येतं आणि खडीवरून डांबर सोलून काढतं. जीएसबीत ७५ मायक्रॉनच्या खालची भुकटी ५ टक्क्यांच्या आत ठेवायची ती याचसाठी. भुकटी वाढली की थर भक्कम दिसतो, पण पाणी सोडत नाही.

दुसरी जागा पुलाच्या आणि कल्व्हर्टच्या पाठीमागे. तिथे मोठा रोलर पोचत नाही, वेळ कमी असतो आणि स्ट्रक्चरवाले व हायवेवाले ही जबाबदारी एकमेकांकडे ढकलतात. तिथे पातळ थर, प्लेट कॉम्पॅक्टर किंवा छोटा रोलर आणि भिंतीमागे ६०० मिमी फिल्टर मीडिया. नाही केलं तर वर्षभरात भराव खचतो आणि पुलावर चढताना गाडी उडते. नवीन इंजिनिअरला हे 'किरकोळ' काम देतात. आवर्जून माग.

---

शाखा_अभियंता_जुना

तुम्ही कन्सल्टंट आणि सरकारीबद्दलही विचारलं आहे.

ईपीसीत 'ऑथॉरिटीज इंजिनिअर' आणि हायब्रिड ॲन्युइटी-बीओटीत 'इंडिपेंडंट इंजिनिअर' म्हणून कन्सल्टन्सी कंपन्या काम घेतात. टीम लीडर, रेसिडेंट इंजिनिअर, पेव्हमेंट स्पेशालिस्ट, मटेरियल इंजिनिअर, ब्रिज इंजिनिअर, क्वांटिटी सर्व्हेयर अशी पदं करारातच ठरलेली असतात आणि प्रत्येकाला किती वर्षांचा, कोणत्या प्रकारच्या कामाचा अनुभव हवा तेही लिहिलेलं असतं. इथे माणूस नव्हे, सीव्ही मंजूर होतो. मंत्रालयाच्या इन्फ्राकॉन पोर्टलवर तो भरावा लागतो. त्यामुळे आत्तापासून एकच काळजी घ्या : प्रत्येक नोकरी सोडताना अनुभव प्रमाणपत्रावर प्रकल्पाचं नाव, लांबी, किती पदरी, तुमचं पद आणि रुजू-कार्यमुक्त तारखा असू द्या. नुसतं 'सिव्हिल इंजिनिअर म्हणून काम केले' लिहिलेला कागद सात वर्षांनी निरुपयोगी ठरतो, आणि तोवर ती कंपनी शोधून सापडत नाही. दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकांवर चढलेल्या असतील तर सीव्ही तिथेच अडतो.

कन्सल्टंटकडे फार लवकर जाऊ नका. तिथे तुम्ही काम तपासता, करत नाही. स्वतः थर न टाकलेला तपासनीस एकतर सगळं पास करतो नाहीतर सगळं अडवतो.

सरकारी वाट. राज्यात एमपीएससीची स्थापत्य अभियांत्रिकी सेवा आहे. सार्वजनिक बांधकाम विभागातली कनिष्ठ अभियंता भरती वेगळी. केंद्रात यूपीएससीची अभियांत्रिकी सेवा परीक्षा, तिच्यातून मंत्रालयाची केंद्रीय अभियांत्रिकी सेवा (रस्ते). राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या उपव्यवस्थापक (तांत्रिक) पदाच्या भरत्या गेट किंवा यूपीएससी अभियांत्रिकी सेवा परीक्षेच्या गुणांवर झाल्या आहेत, म्हणून दर वेळी जाहिरात वाचावी. मोठा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्गच असंही नाही. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा. १६ पॅकेजमध्ये झाला आणि जून २०२५ मध्ये त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला.

साइटची नोकरी करत परीक्षेचा अभ्यास होतो का? बारा तासांच्या पाळीत होत नाही. परीक्षाच द्यायची असेल तर आधी ती द्या. 'साइटवर राहून बघू' म्हणणाऱ्याचं दोन्हीकडचं अर्धवट राहतं.

---

चाळणी_७५_मायक्रॉन

जुने साहेब बरोबर बोलले. एक जोड : मानकं पीडीएफमध्ये साठवू नका, कामाच्या वेळी उघडा. लवचिक पेव्हमेंटचं डिझाइन आयआरसी ३७ (२०१८), काँक्रीटचं आयआरसी ५८ (२०१५), चौपदरीचं मॅन्युअल आयआरसी एसपी ८४ (२०१९). ज्या आठवड्यात जो थर चालू, त्या आठवड्यात मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमधलं त्याचंच कलम : जीएसबी ४०१, डब्ल्यूएमएम ४०६, प्राइम ५०२, टॅक ५०३, डीबीएम ५०५, बीसी ५०७. आणि त्याशिवाय ९०० क्रमांकाचं प्रकरण, ज्यात किती मालाला किती चाचण्या ते आहे. कन्सल्टंटशी वाद पडला की तेच उघडलं जातं.

---

गाव_ते_गाव

सगळ्यांचे आभार. एचआरला विचारलं. काम २२ टक्के झालंय, सध्या भराव आणि कल्व्हर्ट चालू आहेत. पहिले सहा महिने लॅब, मग एक्झिक्युशन असं मागितलं, ते तयार आहेत. मूळ मार्कशीट देणार नाही असंही सांगितलं, त्यावर झेरॉक्स चालेल म्हणाले.

स्ट्रिंगलाइन सर, तुमचा हिशेब वहीत करून बघितला. वळणावर सुपरएलिव्हेशन (वळणाची बाहेरची कड उचललेली) असेल तर बाहेरच्या कडेचे २२५ मिमी वजा न करता अधिक करायचे का?

---

स्ट्रिंगलाइन

२२५च नाही. तो आकडा २.५ टक्क्यांचा. वळणाचा उतार वेगळा निघतो : वेगाचा वर्ग भागिले २२५ गुणिले त्रिज्या. १०० किमी वेग आणि ७०० मीटर त्रिज्या असेल तर १०००० ÷ १५७५०० = ६.३५ टक्के. एसपी ८४ मध्ये त्यावर मर्यादा आहेत, म्हणून ड्रॉइंगमधला आकडाच धरायचा. हे सूत्र फक्त ड्रॉइंग वेडंवाकडं तर नाही ना ते बघायला. ड्रॉइंगमध्ये समजा ५ टक्के आहे, तर ९ मीटरला ४५० मिमी, आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या कॅरेजवेला ते अधिक. आतल्या बाजूच्या कॅरेजवेला वजाच, पण ४५०. उणे २.५ वरून अधिक ५ वर एकदम जाता येत नाही. संक्रमण वक्राच्या लांबीत दर १० मीटरला (वळणावर ५ धरा) टक्केवारी बदलत जाते आणि मध्ये एका ठिकाणी शून्य येते. त्या शून्याच्या जागेवर पाणी साचतं. तिथे लांबीच्या दिशेने उतार किती आहे ते प्रोफाइल ड्रॉइंगवर बघून ठेवा, आणि सपाट असेल तर डब्ल्यूएमएम टाकायच्या आधी कन्सल्टंटला लेखी कळवा.